भिंतीतली टकटक

खोली ठरवलेल्या उबेवर ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटची पट्टी भिंतीवरून काढली तेव्हा मागच्या रंगावर एक गोल उमटलेला दिसला. तळहाताएवढा, कडेनं किंचित पिवळट. त्याच्या आधीच्या थर्मोस्टॅटचा तो ठसा. तो गोल डबा त्या जागी तीस वर्षं होता. त्याच्यानंतर आलेला पडद्याचा, फोनवरून चालणारा चौकोनी थर्मोस्टॅट जेमतेम सहा वर्षं टिकला, आणि तोही काही बिघडला नव्हता. पडदा उजळत होता, रिले, म्हणजे हीटिंग चालू-बंद करणारी विजेची कळ, वाजत होता. फक्त बनवणाऱ्यांनी त्या मॉडेलचे सर्व्हर बंद केले आणि त्या दिवसापासून वेळापत्रक बदलायचा मार्गच उरला नाही. सकाळी सहाला खोली तापवायची, एवढं त्याला शेवटचं सांगून ठेवलेलं. तेवढंच तो इमानानं करत राहिला. आई आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिला पहाटे चारलाच ऊब हवी होती. ते त्याला सांगायचं कसं?

मी छोट्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिते, तोच माझा व्यवसाय. म्हणून ठरवलं, हा थर्मोस्टॅट आपणच करायचा, आणि असा करायचा की तो चालू ठेवणं दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर अवलंबून राहणार नाही. त्याला आठ महिने लागले.

जुना गोल डबा कप्प्यात सापडला. आत पारा आहे म्हणून तो कचऱ्यात टाकता येत नाही, म्हणूनच तो राहिला होता. झाकण काढून बराच वेळ बघत बसले. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली गुंडाळी. तापल्यावर दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे गुंडाळी पिळते किंवा सैल होते. तिच्या टोकाला काचेची छोटी नळी आणि नळीत पाऱ्याचा थेंब. नळी कलली की थेंब घरंगळतो, दोन तारांची टोकं त्यात बुडतात आणि सर्किट पुरं होतं. विजेवर चालणाऱ्या खोलीतल्या थर्मोस्टॅटचं पेटंट वॉरन जॉन्सन या शिक्षकाला १८८३ साली मिळालं. वर्गात किती ऊब आहे हे बघायला शिपायाला दर वेळी दार उघडून आत यावं लागे, त्यावर त्यानं शोधलेला तो उपाय होता. हनीवेलचा प्रसिद्ध गोल थर्मोस्टॅट, हेन्री ड्रेफसनं आकार दिलेला, १९५३ चा. माझ्या हातातला त्याच घराण्यातला.

त्यातल्या एका भागाबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. गुंडाळीच्या मध्यभागी एक बारीक रोधक तार असते, तिला अँटिसिपेटर म्हणतात. हीटिंग चालू असेतोवर या तारेतूनही थोडा प्रवाह जातो, ती किंचित तापते आणि गुंडाळीला खोलीपेक्षा जरा जास्त ऊब देते. परिणामी थर्मोस्टॅट थोडा आधीच बंद होतो. कारण बंद केल्यावरही रेडिएटरमध्ये उष्णता शिल्लक असते आणि ती खोलीत येतच राहते. पुढे काय होणार आहे ते ओळखून आधीच थांबायची ही समज एका तारेत बसवलेली होती. तेव्हा मी नुसतं कौतुक केलं. चार महिन्यांनी तीच समज मला कोडमध्ये लिहावी लागली.

ऑपरेटिंग सिस्टिम निवडायला मी सगळ्यात जास्त वेळ घेतला. माझ्याकडचा बोर्ड सीसी२५३८ चिपचा: ३२ किलोबाइट रॅम, ५१२ किलोबाइट फ्लॅश, आतच रेडिओ. एवढ्याशा जागेत लिनक्सचा प्रश्नच नव्हता. काहीच न घेता थेट चिपवर लिहिता आलं असतं, पण मग नेटवर्क कुठून आणायचं? इंटरनेटवर पाकिटं पाठवायची जी पद्धत, आयपीव्ही६, तिची अट आहे की खालच्या थरानं किमान १२८० बाइटचं पाकीट वाहून न्यावं. या रेडिओची चौकट जास्तीत जास्त १२७ बाइटची, आणि त्यातले ४० बाइट आयपीव्ही६चं नुसतं शीर्षकच खातं. म्हणजे शीर्षक दाबायचं, पाकिटाचे तुकडे करायचे, पलीकडे पुन्हा जुळवायचे. हे काम करणारी पद्धत सिक्सलोपॅन, आणि ती आपली आपण लिहून वर्षानुवर्षं सांभाळणं एकट्या माणसाचं काम नाही.

मी कॉन्टिकी-एनजी ही छोट्या चिपांसाठीची मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम घेतली. मूळ कॉन्टिकी अॅडम डंकेल्स यांनी स्वीडिश इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर सायन्समध्ये लिहिली, पहिली आवृत्ती २००३ ची. थॉर हायरडाल १९४७ मध्ये ज्या लाकडी तराफ्यावरून पॅसिफिक ओलांडून गेले, त्या तराफ्याचं नाव तिला दिलेलं आहे. २०१७ मध्ये तिच्यातून कॉन्टिकी-एनजी वेगळी झाली. जुन्या ८ बिटी चिपांचा भार उतरवला, प्रमाणित प्रोटोकॉलवर आणि चाचण्यांवर भर दिला. परवाना बीएसडीचा, म्हणजे वापरायला आणि बदलायला मोकळा.

निवडताना मी सुविधांची यादी आधी बघितली नाही. आधी कमिट, म्हणजे कोडमध्ये केलेल्या बदलांच्या नोंदी, बघितले. शेवटचा बदल कधीचा, कुणी सुचवलेल्या बदलाला उत्तर मिळतं का, बंद झालेल्या तक्रारी खरंच सुटून बंद झाल्या आहेत की कंटाळून. ही सवय मला डिसेंबर २०२० पासून लागली. त्या महिन्यात फोरस्काउट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी अॅम्नेशिया:३३ या नावानं चार मुक्त टीसीपी/आयपी स्टॅकमधल्या, म्हणजे यंत्राला नेटवर्कवर बोलू देणाऱ्या कोडमधल्या, ३३ त्रुटी जाहीर केल्या. त्यात यूआयपी होता, म्हणजे डंकेल्स यांचाच, कॉन्टिकीत वापरला जाणारा, वर्षानुवर्षं असंख्य उपकरणांत नकलून गेलेला. ज्यांनी तो एकदाच उचलून आपल्या यंत्रात टाकला आणि नंतर मूळ प्रकल्पाकडे वळूनही पाहिलं नाही, त्यांना आपल्या यंत्रात तो आहे हेच शोधून काढावं लागलं. भिंतीवर बसणारी वस्तू वीस-तीस वर्षं बसते. तिच्या आतल्या कोडकडे त्या काळात कुणीतरी बघत असलं पाहिजे. मला हवी होती ती ही गोष्ट. बाकी सगळं दुय्यम.

पहिले काही दिवस सोपे गेले. डॉकरमधून, म्हणजे तयार गठ्ठ्यातून, साधनं घेतली, नमुन्याचा प्रोग्राम आधी संगणकावरच चालवला, मग कूजा या सिम्युलेटरमध्ये दोन खोटे नोड, म्हणजे रेडिओवाले बोर्ड, एकमेकांशी बोलताना पाहिले, मग बोर्डावर दिवा लुकलुकला. सिम्युलेटरमध्ये एखादं पाकीट हवेत हरवतं तेव्हा ते कुठं हरवलं हे दिसतं. खऱ्या घरात ते कधीच दिसत नाही, त्यामुळे पुढे कितीदा तरी मी कूजाकडे परत आले.

सेन्सर घेतला एसएचटी३१. तो तापमान थेट अंशांत देत नाही, १६ बिटांचा आकडा देतो. त्याला १७५ नं गुणायचं, ६५५३५ नं भागायचं आणि ४५ वजा करायचे, की सेल्सिअस मिळतं. दर दोन बाइटांमागे तो तिसरा बाइट पाठवतो, सीआरसीचा, म्हणजे पडताळ्याचा. मधल्या तारेत काही गडबड झाली तर तो जुळत नाही. माहितीपत्रकात पडताळ्यासाठी एक उदाहरण दिलेलं असतं: हेक्समध्ये ‘बीईईएफ’ हे दोन बाइट दिले तर सीआरसी ९२ यायला हवा. माझा पहिल्या दिवशी आला नाही. सुरुवातीची किंमत शून्य धरली होती, ती हवी होती सगळे बिट एक असलेली. ती बदलली आणि पडद्यावर ९२ उमटले. त्या एका आकड्यानं त्या रात्री मला शांत झोप लागली, कारण यापुढे चुकीचा आकडा आला तर तो चुकीचा आहे हे मला कळणार होतं.

सेन्सर मी आधी बोर्डालाच डाग देऊन जोडला होता. तो खोलीपेक्षा दीड अंश जास्त दाखवायचा. चूक सेन्सरची नव्हती. शेजारच्या रेग्युलेटरची, म्हणजे चिपला हवा तेवढा व्होल्टेज देणाऱ्या भागाची, ऊब तो प्रामाणिकपणे मोजत होता. चार तारा लांबवून तो डब्याच्या खालच्या कडेला आणला आणि तिथं झाकणाला फटी पाडल्या.

नियंत्रण लिहिणं म्हणजे वरवर पाहता तीन ओळींचं काम. २१ अंश हवेत, तर २०.७५ च्या खाली गेलं की चालू, २१.२५ च्या वर गेलं की बंद, मधे असेल तर आहे तसंच ठेवायचं. हा मधला पट्टा नसेल तर रिले सारखा उघड-मीट करत राहील. शिवाय एकदा बंद झाल्यावर किमान पाच मिनिटं पुन्हा चालू करायचं नाही, असा आणखी एक पहारा ठेवला. टेबलावर तासभर तपासलं. सेन्सरला बोट लावलं की बंद, बोट काढून फुंकर घातली की चालू. बसवलं भिंतीवर.

तिसऱ्या रात्री आईनं हाक मारली. “अगं, ऊठ जरा. भिंतीत काहीतरी टकटकतंय.” मी अंधारात उभी राहून ऐकलं. टक. मग अर्ध्या मिनिटानं टक. मग पुन्हा. रिले दर तीस सेकंदांनी पलटत होता, आणि पाच मिनिटांचा पहारा असून नसल्यासारखा. मी नोडची वीज काढली, आईला आणखी एक पांघरूण दिलं आणि उजाडेपर्यंत कोड वाचत बसले.

कारण कळलं ते असं. कॉन्टिकीतल्या प्रक्रिया प्रोटोथ्रेड नावाच्या युक्तीवर चालतात. नेहमीच्या थ्रेडला, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या कामाला, स्मृतीत स्वतःची जागा (तिलाही स्टॅकच म्हणतात) लागते, प्रत्येकाला शेकडो बाइट. प्रोटोथ्रेडला ती नसते. आपण कुठल्या ओळीवर थांबलो एवढंच तो लक्षात ठेवतो, आणि त्याला दोन बाइट पुरतात. ३२ किलोबाइटच्या घरात ही बचत फार मोलाची. पण तिची एक किंमत आहे. प्रक्रिया वाट बघायला थांबते तेव्हा फंक्शन खरोखरच संपून परत जातं, आणि घटना घडली की पहिल्यापासून बोलावलं जाऊन आतल्या त्या ओळीवर उडी मारतं. मधल्या काळात फंक्शनमधली स्थानिक चलं पुसली जातात. टिकवायची तर ती स्टॅटिक म्हणून जाहीर करावी लागतात.

मला हा नियम ठाऊक होता. तरी ‘हीटिंग चालू आहे का’ आणि ‘शेवटचं बंद कधी केलं’ ही दोन चलं मी फंक्शनच्या माथ्यावर साधीच लिहिली होती, शून्य किंमत देऊन. त्यामुळे दर तीस सेकंदांनी जाग आली की दोन्ही पुन्हा शून्य. कंपायलरनंही टोकलं नाही, कारण चलांना किंमत दिलेली होतीच. मधल्या पट्ट्यात ‘आहे तसंच ठेव’ याचा अर्थ ‘बंद कर’ असा होत होता, आणि शेवटचं बंद म्हणे युगापूर्वी झालेलं, त्यामुळे पहारेकरी दर वेळी खुशाल वाट सोडत होता. टेबलावर हे का सापडलं नाही? कारण बोटाची ऊब आणि फुंकर मधला पट्टा एका झेपेत ओलांडून जात. खरी खोली त्या पट्ट्यात तासन्‌तास रेंगाळते. तेव्हापासून माझ्या चाचणीत तापमान मिनिटाला शतांश अंशानं सरकवणारा एक खोटा सेन्सर आहे, आणि तो सगळ्यात आधी चालतो.

दोन शब्द टंकले, दोन्हीकडे स्टॅटिक. टकटक थांबली.

त्यानंतर दिसला तो जुना प्रश्न. २१ सांगितलं तर खोली २२.३ पर्यंत चढत होती. रेडिएटरमधली शिल्लक उष्णता! कप्प्यातला गोल डबा पुन्हा काढला आणि त्या बारीक तारेकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. माझ्याकडे तार नव्हती, पण मागच्या वीस मिनिटांची मापं होती. तापमान मिनिटाला किती चढतंय ते काढायचं, याच वेगानं आणखी दहा मिनिटं चढलं तर कुठं पोचेल ते बघायचं, आणि तो आकडा २१ ओलांडत असेल तर आत्ताच बंद करायचं. ‘दहा’ हा आमच्या खोलीचा आकडा, चार रात्री मोजून काढलेला. चढण १.३ वरून ०.३ वर आली. आई म्हणाली, “आता मधूनच अंगावरचं काढावं लागत नाही बाई.”

बॅटरीचं कोडं वेगळंच होतं. सेन्सरचा नोड तारेशिवाय ठेवायचा होता, म्हणून दोन पेन्सिल सेल. रिलेचा नोड मात्र कायम विजेवर. सुरुवातीला मी सीएसएमए ही रेडिओची साधी पद्धत ठेवली. त्यात रेडिओ सतत कान लावून असतो. ऐकताना ही चिप २० मिलिअँपिअर घेते. २५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल १२५ तासांत संपणार, म्हणजे पाच दिवस, आणि प्रत्यक्षातही जवळपास तेवढेच भरले. गंमत अशी की पाठवायला आणि मोजायला लागणारी वीज या हिशेबात कुठं दिसतसुद्धा नाही. कुणी बोलेल म्हणून वाट बघण्यातच सगळी जाते. मग टीएससीएच या वेळापत्रकावर चालणाऱ्या पद्धतीवर गेले. त्यात सगळे नोड एकाच घड्याळावर चालतात, वेळेचे १० मिलिसेकंदांचे स्लॉट पाडलेले असतात, आणि कुठल्या स्लॉटमध्ये ऐकायचं हे आधीच ठरलेलं असतं. ऐकायच्या स्लॉटमध्ये कुणी बोललंच नाही तर रेडिओ साधारण २.२ मिलिसेकंदांत मिटतो. सातांतला एक स्लॉट ऐकायचा ठेवला तर रेडिओ सुमारे ३ टक्के वेळ उघडा. १०१ मधला एक ठेवला तर ०.२ टक्के. थर्मोस्टॅटला सेकंदभर उशीर झाला म्हणून काही अडत नाही. १०१ ठेवले. पहिले सेल अजून बदललेले नाहीत.

सुरक्षेबद्दल मी हटवादी आहे. वीस मिनिटांत सेन्सरकडून माप आलं नाही तर रिले बंद. प्रोग्राम अडकला तर वॉचडॉग, म्हणजे चिपमधला पहारा ठेवणारा टायमर, नोड पुन्हा सुरू करतो, आणि सुरू होताना रिले बंदच असतो. पण कडाक्याच्या थंडीत ‘बंद’ हेही सुरक्षित नाही. नळ गोठतात, आणि आईची खोली तर आहेच. म्हणून जुना गोल थर्मोस्टॅट रिलेला समांतर जोडला आणि १२ अंशांवर ठेवला. माझं सगळं कोसळलं तरी तो खोलीला त्याखाली जाऊ देणार नाही. पारा असल्यामुळे तो अगदी आडवा सरळ बसावा लागतो, कलला तर चुकीच्या तापमानाला पलटतो. पाणसळ लावून तो बसवला, बरोबर त्या पिवळट ठशावर.

सेन्सरचा ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरशी बोलणारा कोड, मी कॉन्टिकी-एनजी प्रकल्पाकडे पाठवला. माझ्यापुरता तो चालत होता, पण माझ्या संगणकात राहिला असता तर पुढच्या आवृत्तीत आतली मांडणी बदलली की तो तुटला असता, आणि दुरुस्तीला मी एकटीच असते. तीन आठवडे तपासणी चालली. पहिली सूचना इफनंतर रिकामी जागा सोडू नये अशी, ही त्यांची लिहिण्याची रीत. दुसरी खरी होती: माप तयार व्हायला सेन्सरला लागणारे १५ मिलिसेकंद मी नुसत्या घिरट्या घालून काढत होते. इथं प्रक्रिया एकमेकींना मध्येच थांबवत नाहीत. एक अडून बसली की बाकीच्या सगळ्या ताटकळतात. टायमर लावून बाजूला व्हायचं आणि वेळ झाली की परत यायचं, असं ते पुन्हा लिहिलं. मग प्रत्येक बोर्डासाठी तो कंपाइल होतो का ते त्यांच्या यंत्रणेनं पाहिलं, आणि एका बोर्डावर झाला नाही. तो बोर्ड मी आयुष्यात हातात धरलेला नाही. त्याच्यासाठी बसले, दुरुस्त केलं. समोरची माणसं आपला वेळ मोडून माझ्या दोनशे ओळी चार-चारदा वाचत होती, आणि दर वाचनात त्या ओळी सुधारत होत्या.

नवी आवृत्ती आली की माझा आता ठरलेला क्रम आहे. आधी कूजात, मग टेबलावरच्या जास्तीच्या नोडवर आठवडाभर, आणि त्यानंतरच भिंतीवर. एकदा या क्रमातच कळलं की माझ्या कोडमधला एक टायमर मी मोडीत निघालेल्या पद्धतीनं वापरत होते आणि नवीन आवृत्तीत ती पद्धत काढून टाकली होती. टेबलावर कळलं, भिंतीवर नाही.

मागच्या महिन्यात अनोळखी माणसाचा निरोप आला. तो तोच ड्रायव्हर घराबाहेरच्या सेन्सरला वापरतो. बाहेर शून्याखाली अर्धा अंश असताना नोड अधिक अर्धा दाखवतो, म्हणाला. वाचताक्षणी अंगावर काटा आला. मी तापमान दोन तुकड्यांत छापत होते, पूर्णांक वेगळा आणि दशांश वेगळा. उणे अर्ध्याचा पूर्णांक शून्य, आणि शून्याला उणे चिन्ह नसतं. उणे एकच्या खाली सगळं बरोबर, अधिकमध्ये सगळं बरोबर, फक्त या दोहोंमधल्या एका अंशात चिन्ह गळून पडत होतं. आमची खोली तिथवर कधी गेलीच नव्हती.

दुरुस्ती चार ओळींची. ती पाठवायच्या आधी लांब तारेचा सेन्सर फ्रीजरमध्ये ठेवला, दार तारेवर अलगद मिटलं आणि समोर स्टूल घेऊन बसले. आई शेजारी येऊन उभी राहिली. आकडे उतरत गेले. ०.४१, ०.२२, ०.०६. मग उणे ०.०९. उणे ०.३१. “थांबव आता, फ्रीज उघडा राहिलाय,” आई म्हणाली. मी तार काढली, दार लावलं आणि चार ओळी पाठवून दिल्या.